टाकाऊ टायरचे शासकीय व्यवस्थापन आणि उघड्यावरील ज्वलन : एडवण व पालघर परिसराच्या संदर्भात

सारांश : टाकाऊ टायर हा घनकचऱ्यातील एक दुर्लक्षित घटक आहे. तो कुजत नाही, सहज दबत नाही आणि पेटला तर लवकर विझत नाही. भारतात २०२२ पासून टायर उत्पादकांवर 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' टाकण्यात आली आहे. या व्यवस्थेचे स्वरूप, तिच्या आधीची पार्श्वभूमी आणि एडवणसारख्या किनारी गावापर्यंत येताना तिच्यात पडणारा खंड यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : टाकाऊ टायर, उघड्यावरील ज्वलन, पायरोलिसिस, विस्तारित उत्पादक जबाबदारी, ग्रामपंचायत, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना

पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र असून मध्यातून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वेस वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. पालघर तालुक्यातील एडवण हे गाव केळवे आणि दातिवरे यांच्या दरम्यान किनाऱ्यावर वसले आहे. आशापुरी देवीचे मंदिर ही त्याची सर्वदूर असलेली ओळख. मासेमारी आणि वाडीतील बागायत यांवर या किनारपट्टीचे जीवन उभे आहे. दक्षिणेस वैतरणेची खाडी, आतल्या बाजूस खाजण आणि तिवरांची झाडी असा हा प्रदेश आहे.

या गावाच्या उत्तरेस बोईसर-तारापूरचे औद्योगिक क्षेत्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. तारापूरच्या सांडपाण्यामुळे मासेमारीवर होणाऱ्या परिणामांविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. किनाऱ्यावरील समाजाला प्रदूषणाचा प्रश्न नवा नाही, हे यावरून दिसते.

सांडपाण्याच्या प्रश्नाला निदान एक नळ असतो आणि त्या नळाचा मालक शोधता येतो. टायरचे तसे नाही. महामार्गावरील ट्रक, तालुक्यातील रिक्षा व दुचाकी, शेतातील ट्रॅक्टर यांचे टायर झिजतात, विकले जातात, हात बदलतात आणि शेवटी जेथे कोणी विचारणार नाही अशा ठिकाणी पडतात. त्या ढिगाचा मालक कोण, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

२. टायर : रचना आणि धोका

टायर म्हणजे निव्वळ रबर, हा समज अपुरा आहे. नैसर्गिक व कृत्रिम रबर मिळून त्याच्या वजनाचा साधारण निम्मा भाग होतो. उरलेल्या भागात कार्बन ब्लॅक, पोलादी तारा, कापडी धागे, तेले, गंधक व झिंक ऑक्साइड असते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टणक करण्याची प्रक्रिया शोधली. या प्रक्रियेत रबराच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी परस्परांशी जखडल्या जातात. त्यामुळेच टायर टिकतो, आणि त्यामुळेच तो वितळवून पुन्हा नव्याने ओतता येत नाही. टायरच्या पुनर्चक्रणातील मूळ अडचण ती हीच.

टायरचे उष्मांकमूल्य चांगल्या प्रतीच्या कोळशाइतके किंवा त्याहून अधिक असते. म्हणून स्वस्त इंधनाच्या शोधात असलेल्या भट्टीला तो हवासा वाटतो. परंतु उघड्यावर तो पूर्णपणे जळत नाही. अपूर्ण ज्वलनातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, बेंझीन, बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बने, तसेच डायऑक्सिन व फ्युरान गटातील संयुगे बाहेर पडतात. यांतील अनेक घटक कर्करोगकारक आहेत. उष्णतेने विघटित झालेल्या रबराचे तेल जमिनीत मुरते आणि राखेतील जस्त पावसाच्या पाण्याबरोबर वाहते. किनाऱ्यालगतच्या वाडीत विहिरीचे पाणी उथळ असते. तेथे हा धोका अधिक गंभीर ठरतो.

टायरच्या आकारातही धोका दडलेला आहे. त्याच्या पोकळीत हवा अडकते आणि बाहेरून मारलेले पाणी आतील पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९८३ मध्ये सुमारे ७० लाख टायरच्या ढिगाला लागलेली आग अनेक महिने धुमसत होती. वेल्समधील हेयोप येथे १९८९ मध्ये पेटलेला ढीग सुमारे पंधरा वर्षे आतून जळत राहिला. स्पेनमधील सेसेन्या येथे मे २०१६ मध्ये अशाच आगीमुळे रहिवाशांना घरे सोडावी लागली.

टायर न जाळता नुसता पडून राहिला तरी तो निरुपद्रवी नसतो. त्यात साचलेले पावसाचे पाणी एडिस जातीच्या डासांना पैदाशीसाठी अनुकूल असते. या डासांची अंडी कोरड्या अवस्थेत काही महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आशियातील एडिस अल्बोपिक्टस हा डास १९८० च्या दशकात जुन्या टायरच्या आयातीबरोबर अमेरिकेत पोहोचला व तेथे स्थिरावला. डेंग्यूच्या नियंत्रणात टायरचा ढीग हलविणे हे फवारणीइतकेच महत्त्वाचे काम आहे, ते यामुळेच.

३. समुद्र हा पर्याय नव्हे

किनारी गावांत जुन्या टायरचे काही चांगले उपयोग रूढ आहेत. होडीच्या कडेला आणि धक्क्याला ते टांगले जातात. आघात सोसण्यासाठी त्याहून स्वस्त साधन नाही. पावसाळ्यात छपरावरील ताडपत्री दाबण्यासाठीही त्यांचा वापर होतो. परंतु वापराच्या नावाखाली टायर पाण्यात सोडणे ही वेगळी बाब आहे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७२ मध्ये सुमारे २० लाख टायर समुद्रतळाशी टाकून कृत्रिम प्रवाळभिंत उभारण्याचा प्रयोग करण्यात आला. टायर बांधणाऱ्या पट्ट्या गंजून तुटल्या, सुटे टायर लाटांबरोबर वाहू लागले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळांना त्यांनी इजा केली. पुढे ते काढण्यासाठी लष्करी पाणबुड्यांची मदत घ्यावी लागली.

रबर टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका रसायनापासून तयार होणारे संयुग कोहो सामन माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हा मासा कोकण किनाऱ्यावर आढळत नाही. परंतु झिजलेले रबर पाण्यात निष्क्रिय राहते ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनेही किनारी क्षेत्रात नागरी व औद्योगिक घनकचरा टाकण्यास मनाई केली आहे.

४. कायदेशीर चौकटीचा विकास

उघड्यावरील ज्वलनासंबंधीच्या तरतुदी अनेक कायद्यांत विखुरलेल्या आहेत. वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम १९(५) अन्वये राज्य शासनास, प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनेतर पदार्थ जाळण्यास मनाई करता येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये टायर उघड्यावर जाळण्यास आणि वीटभट्ट्यांत इंधन म्हणून वापरण्यास प्रतिबंध केला. २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने लवादाने देशभर कचरा उघड्यावर जाळण्यास बंदी घातली. साध्या ज्वलनासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी २५,००० रुपये पर्यावरणीय भरपाई निश्चित केली.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील शिक्षेचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. पूर्वी त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ मुळे तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. शिक्षा सौम्य झाली असे यावर म्हणता येईल. मात्र कारावासाच्या खटल्यांपेक्षा न्यायनिर्णय अधिकाऱ्याने ठरविलेला दंड वेळेवर वसूल होण्याची शक्यता अधिक आहे, हा युक्तिवादही विचारात घ्यावा लागतो. कोणता युक्तिवाद खरा, हे प्रत्यक्ष वसुलीवरून ठरेल.

टाकाऊ टायर भारतीय नियमांत 'घातक' नव्हे, तर 'अन्य' कचऱ्यात मोडतात. घातक व अन्य कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ मध्ये त्यांचा समावेश होता. २१ जुलै २०२२ च्या दुरुस्तीने या नियमांत नववी अनुसूची जोडण्यात आली आणि टायरसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीची व्यवस्था प्रथमच अस्तित्वात आली.

५. विस्तारित उत्पादक जबाबदारीचे कार्य

या व्यवस्थेचे तत्त्व सोपे आहे : जो वस्तू बाजारात आणतो, त्याने तिच्या शेवटाचाही खर्च उचलावा. टायर उत्पादक व आयातदार, पुनर्चक्रणकर्ते आणि रिट्रेडर यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी सक्तीची करण्यात आली. उत्पादकांचे दायित्व टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले. २०२२-२३ साठी ते २०२०-२१ मधील नव्या टायरच्या ३५ टक्के, २०२३-२४ साठी २०२१-२२ मधील टायरच्या ७० टक्के आणि २०२४-२५ साठी २०२२-२३ मधील टायरच्या १०० टक्के इतके ठरले. त्यापुढे दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाइतके पूर्ण दायित्व कायम राहते.

उत्पादकाने स्वतः टायर गोळा केलेच पाहिजेत असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता टायरपासून पुनःप्राप्त रबर, रबराचा चुरा, रबरमिश्रित डांबर, पुनःप्राप्त कार्बन ब्लॅक किंवा पायरोलिसिस तेल तयार करतो व त्या प्रमाणात त्याच्या खात्यावर प्रमाणपत्रे जमा होतात. उत्पादक ती विकत घेऊन आपले दायित्व पूर्ण करतो. टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरात आणणाऱ्या, म्हणजे बाजारात ज्याला 'रिमोल्ड' म्हणतात त्या कामाच्या प्रमाणपत्राने दायित्व रद्द होत नाही. ते एक वर्ष पुढे ढकलले जाते. टायर अखेर टाकाऊ होणारच, म्हणून ही तरतूद तर्कसंगत आहे. दायित्व पूर्ण न केल्यास पर्यावरणीय भरपाई आकारली जाते. परंतु भरपाई दिल्याने दायित्वातून सुटका होत नाही. पायरोलिसिस तेल किंवा कार्बन पावडर बनविण्यासाठी टाकाऊ टायर आयात करण्यास याच नियमांनी मनाई केली.

६. वाडा तालुक्याचा अनुभव

ही मनाई का आवश्यक झाली, याचे उत्तर पालघर जिल्ह्यातच मिळते. पायरोलिसिसमध्ये टायर हवाबंद पात्रात साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्यातून वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल, त्याहून थोडी कमी कार्बन पावडर, पोलादी तार आणि ज्वलनशील वायू मिळतो. शास्त्रीयदृष्ट्या ही प्रक्रिया ज्वलन नव्हे. सतत चालणाऱ्या, बंदिस्त व स्वयंचलित संयंत्रात ती बऱ्याच प्रमाणात सुरक्षित करता येते. परंतु लहान कारखान्यांत एक घाण भरायची, तापवायची, थंड करायची आणि पात्र उघडून हाताने रिकामी करायची अशी पद्धत असते. पात्र पुरेसे थंड होण्याआधी उघडले तर आतील वायू पेट घेतो. काळी पावडर वाऱ्याबरोबर शेतात, घरात आणि फुप्फुसात जाते.

केंद्रीय मंडळाने २०१९ मध्ये लवादापुढे मांडलेल्या माहितीनुसार १९ राज्यांत असे ६३७ कारखाने होते. त्यांपैकी २५१ नियमांचे पालन करीत होते, २७० करीत नव्हते आणि ११६ बंद होते. म्हणजे चालू असलेल्या कारखान्यांपैकी निम्म्याहून अधिक कारखाने नियमबाह्य चालत होते.

जानेवारी २०२५ मध्ये वाडा तालुक्यातील अशाच एका कारखान्यात स्फोट झाला. त्यात दोन महिला आणि दोन मुलांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारात मुले होती, कारण कामगारांची घरेही तेथेच होती. त्यानंतर तालुक्यातील सात कारखाने बंद करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात, ब्रिटनमधून पुनर्चक्रणाच्या नावे पाठविलेले टायर भारतातील कच्च्या भट्ट्यांपर्यंत पोहोचत असल्याचे दाखविण्यात आले. वाड्याच्या स्फोटाचाही त्यात उल्लेख होता. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाद्वारे अखंड टायर २००३ पासून व तुकडे केलेले टायर २००६ पासून भरावात पुरण्यास मनाई केली. तेथे पुरण्याची वाट बंद झाली, आणि त्या साखळीचे एक टोक वाड्याच्या माळावर उघडे राहिले.

७. गावापाशी तुटणारी साखळी

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. टायरला बाजारात किंमत आहे. पंक्चरवाला जुना टायर भंगारवाल्याला विकतो, भंगारवाला मोठ्या व्यापाऱ्याला देतो. मग गावाच्या कडेला ढीग का साठतात आणि धूर का निघतो?

पहिले कारण असे की सर्वच टायरना किंमत नसते. सायकल व दुचाकीचे टायर, ट्यूब, कापून उरलेले तुकडे यांच्या वाहतुकीचा खर्च त्यांच्या मोलापेक्षा अधिक होतो. मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या किनारी गावाला हे अधिक लागू पडते. दुसरे कारण पोलादी तारेचे. रबर जाळले की तार हाती लागते व ती किलोवर विकली जाते. तार सोडविण्याचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक मार्ग आहे. तिसरे कारण भट्ट्यांचे. इंधनाचा भाव वाढला की टायरचे तुकडे आणि पायरोलिसिसचे तेल यांना मागणी येते. चौथे कारण शासकीय रचनेचे आहे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे.

उत्पादक जबाबदारीची व्यवस्था टनांत मोजते. कोणत्या गावातून टायर उचलला याच्याशी प्रमाणपत्राचा संबंध नसतो. उत्पादकाचे शंभर टक्के दायित्व महानगरांच्या परिघातील टायरवर पूर्ण होऊ शकते आणि तरीही खाजणातील ढीग जागेवर राहू शकतो. दुसऱ्या बाजूने, घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ची व्याप्ती मुख्यतः नागरी संस्था, जनगणना नगरे व अधिसूचित औद्योगिक वसाहतींपुरती होती. ग्रामीण स्थानिक संस्थांना त्यात आणण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२४ च्या मसुद्यात मांडण्यात आला. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ अन्वये गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. परंतु टायर तोडण्याचे यंत्र, साठवणुकीची जागा किंवा वाहतुकीची तरतूद तिच्याकडे नसते. कर्तव्य गावाकडे आणि निधीचा प्रवाह प्रमाणपत्रांच्या बाजारात, अशी ही विभागणी आहे.

८. उपलब्ध उपाय

नव्या कायद्याची वाट न पाहताही काही पावले शक्य आहेत.

अ) ग्रामसभेच्या ठरावाने वर्षातून दोनदा, त्यांतील एकदा पावसाळ्यापूर्वी, टायर संकलनाचा दिवस ठरविता येईल. टायर आच्छादित जागेत कोरडे ठेवून पुरेसा साठा झाल्यावर नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यास देता येतील. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन हे केल्यास एक पूर्ण ट्रक भरतो व वाहतुकीचा खर्च विभागला जातो.

आ) टायर देताना घेणाऱ्याची नोंदणी तपासणे व पावती घेणे अत्यावश्यक आहे. अन्यथा किनाऱ्यावरील गाव स्वच्छ होईल आणि तोच टायर डोंगराकडच्या गावात जळेल.

इ) टायर टाकणारे वाहन किंवा ज्वलनाची जागा आढळल्यास दिनांक, वेळ व छायाचित्रासह लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी. ढिगामुळे सार्वजनिक उपद्रव होत असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ अन्वये उपविभागीय दंडाधिकाऱ्यास तो हटविण्याचा सशर्त आदेश देता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ चेच हे नवे रूप आहे. ही तरतूद जुनी, परिणामकारक, परंतु फारशी न वापरली जाणारी आहे.

ई) उत्पादकांच्या दायित्वातील ठरावीक हिस्सा ग्रामीण भागातून गोळा झालेल्या टायरसाठी राखून ठेवण्याची आणि अशा प्रमाणपत्रांना अधिक मूल्य देण्याची तरतूद नियमांत व्हावी. रबरमिश्रित डांबराचा वापर ग्रामीण रस्त्यांत वाढविल्यास स्थानिक मागणीही निर्माण होईल.

उ) महाविद्यालयांची भूमिका येथे मोलाची आहे. पदवी अभ्यासक्रमातील पर्यावरण अध्ययनाच्या प्रकल्पात विद्यार्थी अनेकदा तयार माहिती उतरवून देतात. त्याऐवजी तालुक्यातील पंक्चर दुकानांतून महिन्याला किती टायर निघतात, ते कोणाकडे जातात आणि कोणत्या ठिकाणी साठतात, याची गावनिहाय नोंद विद्यार्थ्यांनी केल्यास प्रशासनाला उपयुक्त असा दस्तऐवज तयार होईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनाही हे काम जोडता येईल.

९. समारोप

टाकाऊ टायरसंबंधीचे भारतीय नियम कागदावर दुबळे नाहीत. उत्पादकाचे दायित्व निश्चित आहे, आयातीवर निर्बंध आहेत, ज्वलनास बंदी आहे. मात्र ही व्यवस्था टायरच्या प्रवासाचा आरंभ आणि अंत पाहते. मधला मार्ग तिच्या नजरेत येत नाही. त्या मधल्या मार्गावर पंक्चरचे दुकान, भंगाराचा टेम्पो, वीटभट्टी आणि गावाची वेस आहे. वाड्यात मृत्यू पावलेली मुले आणि एडवणच्या किनाऱ्यावरील वाडी यांच्यामध्ये डोंगर, महामार्ग आणि खाडी आहे. तरीही दोहोंच्या प्रश्नाचे मूळ एकच आहे. टायरची जबाबदारी विक्रीच्या पावतीबरोबर संपते, असे मानण्यात ते मूळ आहे. ही समजूत बदलण्याचा आरंभ गावातील टायर मोजण्यापासून होऊ शकतो. मोजलेल्या ढिगाला मालक शोधणे प्रशासनाला भाग पडते. न मोजलेला ढीग कोणी तरी एका रात्री पेटवून देतो आणि सकाळी त्याची केवळ राख उरते.